चौसष्ट ओळींची बेरीज

लिसेन्सियादो सार्रातेआ आमच्या कचेरीचा साहेब होऊन आला तेव्हा सगळ्यात आधी त्याने स्वतःच्या खोलीचं दार बदलून घेतलं. जुनं दार चांगलं लागत होतं, पण त्याला काचेचं हवं होतं, काचेवर नाव हवं होतं, आणि नावाखाली दोन ओळी भरून पदव्या हव्या होत्या; लिसेन्सियादो म्हणजेच पदवीधर, आणि हाकही त्याला तीच हवी होती. दुसरी गोष्ट त्याने केली ती म्हणजे स्वतःचा ग्वाम्पा, म्हणजे प्यायचं शिंग, आणला. चांदीच्या काठाचा. आमच्याकडे दहा वाजले की सगळी कचेरी तेरेरे, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या कडू पाल्याचं पेय, प्यायला गोल बसते, आणि बैलाच्या शिंगाचा एकच ग्वाम्पा हातोहात फिरतो. एक जण भरतो, एक जण पितो, रिकामा करून परत देतो, मग पुढच्याची पाळी. आम्ही आठ माणसं आणि एक ग्वाम्पा, अशी बावीस वर्षं मी बघतेय. हा मात्र काचेआड एकटा बसून आपल्या चांदीच्या शिंगातून तेरेरे ओढायचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं की या माणसाला बेरीज जमणार नाही.

मी निमिया आयाला. पुएर्तो ताकुआराच्या नदी-सूचना कचेरीतलं मशीन मी सांभाळते. मशीन एकच आहे, लिनक्सवर चालतं, आठ गिगाबाइट मेमरीचं, आणि कचेरीतल्या काही माणसांपेक्षा जास्त विश्वासाचं. नदीवर आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांवर चौसष्ट ठिकाणी पाणी मोजायचे खांब आहेत. प्रत्येक खांबावर एक डबा, डब्यात फोन. डबे म्हातारे झालेत. एरवी विचारलं की पाच-सात मिनिटांनी कुरकुरत उत्तर देतात, वादळ असलं की वीस-वीस मिनिटं तोंड उघडत नाहीत.

या डब्यांशी बोलणारा प्रोग्रॅम देर्लिस ओकाम्पोसने लिहिला. देर्लिस चाळिशीतला, पाठदुखीने वाकलेला, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता टेबलाकडे बघणारा. पण डोकं असं की काय सांगू. त्याने एका प्रोग्रॅमच्या पोटात चौसष्ट कामकरी ठेवले, ज्यांना आमच्या धंद्यात थ्रेड म्हणतात. एका डब्यामागे एक कामकरी. आपल्या डब्याने उत्तर दिलं नाही तर तो बिचारा ताटकळतो, बाकीचे त्रेसष्ट आपलं काम करत राहतात. नदीचा नकाशा सगळ्यांत मिळून एक, पाण्याचा तक्ता एक, फोन नंबरांची यादी एक. म्हणजे डबे कितीही रुसले तरी वीस मिनिटांत सगळ्या नदीची खबर लागायची, आणि पाणी चढत असलं तर बान्यादोतल्या सहाशे घरांत फोन वाजायचे: सामान उचला.

बान्यादो ही नदीकाठची खालची वस्ती. न्या सेफेरिना तिथे राहते; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने न्या म्हणतात. कचेरीची झाडलोट तीच करते आणि तेरेरेही तीच भरते. तिच्या हातचं तेरेरे पिऊन मी दुसऱ्या कुणाच्या हातचं पिऊ शकत नाही, इतकं ते थंड आणि इतकं बेताचं कडू असतं. आमची मैत्री जुनी आहे. तिची आई नव्वदीला टेकलेली, पाय गेलेले, खाटेवरून उठवायची तर चार माणसं लागतात. निरोप आला की सेफेरिना हातातली बादली आहे तिथे ठेवून घरी जायची, शेजाऱ्यांना हाका मारायची, आणि पाणी यायच्या आत म्हातारी खाटेसकट वर चौकात पोचलेली असायची. गेल्या सहा वर्षांत अकरा वेळा असं झालं आणि अकराही वेळा म्हातारीचा पाय ओला झाला नाही. तो प्रोग्रॅम म्हणजे सेफेरिनासाठी हेच होतं, त्याच्या पोटात काय आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

तर सप्टेंबरात नगराध्यक्षांच्या कचेरीतून फर्मान आलं की प्रत्येक खात्याने आपल्या मशीनवर काटकसर करून दाखवावी. जो जास्त दाखवेल त्याला प्रशस्तिपत्र. प्रशस्तिपत्र म्हटल्यावर लिसेन्सियादोच्या अंगात आलं. साडेदहाला येणारा माणूस आठला आला, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि म्हणाला, मेमरी कोण खातंय ते दाखवा.

मी यादी काढून दाखवली. देर्लिसचा प्रोग्रॅम एका ओळीत: चारशे दहा मेगाबाइट. आठ हजारांत चारशे दहा, म्हणजे काहीच नाही.

लिसेन्सियादोने ओठ मुरडले. त्याने कुठूनतरी ऐकलं होतं की या प्रोग्रॅमात चौसष्ट कामकरी आहेत. मग ओळ एकच कशी? मी काहीतरी झाकतेय, असं त्याने तोंडाने म्हटलं नाही, पण भुवईने म्हटलं. बावीस वर्षांत माझ्यावर कुणी भुवई उचलली नव्हती.

"मला प्रत्येकाची वेगळी ओळ हवी," तो म्हणाला. "एकूणएक."

"एकूणएक देते की," मी म्हटलं.

आणि मी एक बटण दाबलं. ते दाबलं की यादी कामकऱ्यांची नावं वेगवेगळी मांडते. चौसष्ट ओळी. आणि प्रत्येक ओळीपुढे तोच आकडा, चारशे दहा, कारण यादी प्रत्येकाला विचारते की तुझ्या घरात किती सामान आहे, आणि चौसष्ट जण एकाच घरात राहत असल्यामुळे चौसष्ट जण एकच उत्तर देतात. सामान एकदाच आहे. मोजायचं तर एकदाच मोजायचं. धंद्यातल्या कुणालाही हे पहिल्या आठवड्यात कळतं, आणि ज्याला कळत नाही त्याला दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी हसतं.

लिसेन्सियादोने ती यादी उचलली, आपल्या तक्त्यात चिकटवली आणि खाली बेरीज मारली. सव्वीस हजार दोनशे चाळीस. आठ हजारांच्या मशीनवर. मी बघत होते. आठ लिटरच्या बादलीतून सव्वीस लिटर सांडलंय असं कुणी सांगितलं तर निदान माणूस बादलीकडे एकदा बघतो. हा माणूस आकड्याकडे असा बघत होता जसं काही त्याने चोर पकडलाय.

मी एक शब्द बोलले नाही. खरं सांगते, मला मजा वाटत होती.

देर्लिसला कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. माझ्या टेबलापाशी येऊन, अर्थात टेबलाकडे बघत, तो म्हणाला, "न्या निमिया, शुक्रवारी बैठक आहे. त्याच्या आधी त्याला सांगायला हवं. मी सांगितलं तर तो ऐकणार नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

त्याचं बरोबर होतं. देर्लिस तोंड उघडायचा तर लिसेन्सियादो घड्याळ बघायचा. माझ्यासमोर मात्र तो जरा दबून असायचा, कारण त्याच्या आधीचे पाच साहेब माझ्यासमोर आले आणि गेले हे त्याला ठाऊक होतं.

"कशाला सांगू?" मी म्हटलं. "जाऊ दे ना त्याला बैठकीत. सगळ्या खात्यांसमोर सव्वीसचा आकडा वाचू दे. असा तोंडघशी पडेल की पुन्हा यादी मागणार नाही."

"आणि नाही पडला तर?"

मी हसले. आठमध्ये सव्वीस मावत नाहीत हे कळायला काही डिग्री लागत नाही, असं मी त्याला म्हटलं. मला वाटायचं, बैठकीत बारा माणसं असतात, त्यांतल्या एकाला तरी कळेल. लोकांच्या अकलेवर माझा एवढा विश्वास होता हे आज मलाच खरं वाटत नाही.

बैठकीला मी मागच्या खुर्चीत बसले, पुढच्या रांगेतून नीट दिसत नाही म्हणून. लिसेन्सियादोने भिंतीवर तक्ता लावला. चौसष्ट ओळी, खाली लाल अक्षरात बेरीज. रस्ते खात्याच्या एका म्हाताऱ्या कारकुनाने हात वर केला आणि विचारलं की मशीन तर आठचंच आहे ना? माझा जीव भांड्यात पडला. आता, मी म्हटलं, आता पडला हा.

"म्हणूनच तर परिस्थिती गंभीर आहे," लिसेन्सियादो म्हणाला.

आणि बारा डोकी गंभीरपणे हलली. तो म्हातारासुद्धा मान हलवून वहीत काहीतरी लिहू लागला. त्यानंतर लिसेन्सियादोने उपाय सांगितला. चौसष्ट कामकऱ्यांपैकी साठ कमी करायचे आणि चार ठेवायचे. तसंही बहुतेक वेळ ते बसून वाट बघत असतात, हे त्याने स्वतः यादीत पाहिलं होतं. टाळ्या पडल्या. मी ओठ चावून बसले, आणि तरीही मला हसू येत होतं. एवढे दगड एका खोलीत जमवायचे तर माणसाला रस्ते खातंच काढावं लागतं, असं मी बाहेर येऊन देर्लिसला सांगितलं. तो हसला नाही.

सोमवारी लेखी हुकूम आला आणि देर्लिसने चौसष्टचे चार केले. लिसेन्सियादोने लगेच नवी यादी मागितली. चार ओळी, प्रत्येकीपुढे चारशे दोन. बेरीज सोळाशे आठ. सव्वीस हजारांवरून सोळाशे. चौऱ्याण्णव टक्के बचत, काचेच्या दारावर कागद चिकटवून. खरी बचत आठ मेगाबाइटची. माझ्या नातीच्या वाढदिवसाचे दोन फोटो तेवढे होतात.

देर्लिसने मात्र कागदावर दुसराच हिशेब मांडून आणला. चार कामकरी, चौसष्ट डबे, म्हणजे एकाच्या वाट्याला सोळा, एकामागून एक. वादळात डबे रुसले तर सोळा गुणिले वीस मिनिटं. पाच तास वीस मिनिटं. आधी जी खबर वीस मिनिटांत लागायची तिला आता पाच तास.

"आता तरी जा ना," तो म्हणाला. "पाया पडतो."

आणि मी काय म्हटलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. मी म्हटलं, "एखादं पाणी उशिरा कळलं की तोच धावत येईल माझ्याकडे. येऊ दे. मग सांगते त्याला, चांगलं बसवून सांगते."

ते पाणी कुणाच्या घरात शिरेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या डोक्यात होता तो फक्त लिसेन्सियादो, काचेचं दार उघडून, घामाघूम, माझ्या टेबलापाशी.

ऑक्टोबरच्या अकरा तारखेला पहाटे वर डोंगराकडे वादळ झालं. आमच्याकडे ऊन होतं. याकारे ओढ्यावरच्या एकेचाळीस नंबरच्या डब्यात सकाळी सातला पाणी दीड मीटर चढलं. हे मला नंतर डब्याच्या नोंदीतून कळलं. त्या वेळी त्या डब्याला विचारायला कुणी नव्हतं. जो कामकरी विचारणार होता तो दुसऱ्या एका मुक्या डब्यापुढे ताटकळत होता, आणि त्यानंतर आणखी एका, आणि त्यानंतर आणखी एका.

दहाला आम्ही गोल बसलो. सेफेरिनाने पुदिना आणि कसलीशी मुळी कुटून पाण्यात घातली होती, गरमी फार होती म्हणून. ती भरत होती, आम्ही पीत होतो. कुणाच्या तरी मेव्हण्याच्या लग्नातली भानगड चालली होती आणि आम्ही खूप हसत होतो. फेरी अकरापर्यंत लांबली. अकराला सेफेरिनाचा फोन वाजला. शेजारीण होती. सेफेरिनाने ऐकलं, थर्मास जमिनीवर ठेवला, आणि चपला न घालता निघून गेली.

सव्वाबाराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. वस्तीला निरोप जातो तेव्हा खात्री म्हणून एक मलाही येतो. सामान उचला, असं लिहिलं होतं.

म्हातारी जिवंत राहिली. शेजारणीने एकटीने तिला खाटेवरून ओढून जेवणाच्या टेबलावर चढवलं होतं, आणि मग शेजारणीला स्वतःची पोरं बघायला जावं लागलं. दीड तास म्हातारी टेबलावर बसून होती, पाणी टेबलाच्या फळीला लागलेलं, मांडीवर एक कोंबडी. शेवटी उचलायला चार माणसं मिळाली तेव्हा ती कुणालाच ओळखत नव्हती.

त्याच दुपारी देर्लिसने कुणालाही न विचारता चारचे पुन्हा चौसष्ट केले. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याकडे बघत बोलला. म्हणाला, "मी केलंय. जाऊन सांगायचं असेल तर सांगा."

मी सांगितलं नाही. लिसेन्सियादोने चौकशीत लिहून दिलं की डबे जुने आहेत आणि हवामान बेभरवशाचं आहे. पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा यादी मागितली. या वेळी मी बटण दाबलं नाही. एक ओळ, चारशे दहा. त्याने सोळाशे आठ खोडून चारशे दहा लिहिलं आणि आकडा अजून उतरतोय म्हणून खूश झाला. प्रशस्तिपत्र चौकटीत घालून काचेच्या दाराशेजारी टांगलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला तो स्वतः दाखवतो. त्या माणसाबद्दल मला जे वाटतं ते मी इथे लिहू शकत नाही, आणि लिहिलं तरी त्याला ते चौसष्ट वेळा मोजून आवडेल.

सेफेरिना तीन आठवड्यांनी कामावर आली. आईसह ती चौकातल्या प्लायवुडच्या खोपटात राहते. म्हातारी पाणी ओतल्याचा आवाज आला तरी भिंतीकडे तोंड फिरवते, म्हणून सेफेरिना घरी तेरेरे भरत नाही, असं तिने सांगितलं. इथे मात्र दहा वाजता तिने थर्मास घेतला आणि आम्ही गोल बसलो. लिसेन्सियादो काचेआड होता.

दोन फेऱ्या झाल्यावर तिने मला विचारलं, "निमिया, त्या दिवशी निरोप उशिरा का आला? देर्लिस काही बोलत नाही. तू सांग."

मग मी सांगितलं. मशीनची भाषा तिला कशाला, म्हणून ग्वाम्पा हातात घेतला आणि म्हटलं, हे बघ, आपण आठ जण. प्रत्येकाला विचारलं, तुझ्याकडे ग्वाम्पा किती, तर प्रत्येक जण म्हणेल एक. खरं की नाही? पण ग्वाम्पा आठ नाहीत, हाच एक आहे, फिरतोय. त्या शहाण्याने आठ जणांना विचारलं आणि आठ ग्वाम्पा लिहिले. मग म्हणाला, एवढे ग्वाम्पा परवडत नाहीत, माणसं कमी करा. माणसं कमी केली, म्हणून तुझ्या ओढ्याकडे बघायला कुणी उरलं नाही.

मी चांगलं सांगितलं. बाकीचे हसले. काचेच्या दाराकडे बघून कुणीतरी हळूच म्हणालं की त्याचा आपला चांदीचा, त्याला काय कळणार. मीही हसले.

सेफेरिना हसली नाही. ती ग्वाम्पाकडे बघत होती.

"इतकंच होतं?" ती म्हणाली.

"इतकंच."

"हे तर मला आत्ता एका घोटात कळलं. मी शाळेत तीन वर्षं गेलेय." तिने माझ्याकडे पाहिलं. "त्याला कुणी सांगितलं नाही?"

"अगं, तो कसला माणूस आहे ते तुला माहितीये. त्याला कळलं नसतं."

"तू सांगून बघितलंस का?"

देर्लिस टेबलाकडे बघत होता. बाकीचे हसायचे थांबले होते.

सेफेरिनाने माझ्या हातातून ग्वाम्पा घेतला, थर्मासमधून पाणी ओतलं, काठापर्यंत, नेहमीसारखं, आणि पाळी माझीच होती म्हणून पुन्हा माझ्या हातात दिला. सात जण वाट बघत होते. तो मला पिता येईना आणि परतही देता येईना.